तांदूळ धुण्याची पायरी

तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. तळ्यावर पान ठेवून आम्ही चार पावलं मागे सरतो न सरतो तोच आला, भातात चोच घातली आणि वड्याचा तुकडा उचलून समोरच्या टॉवरकडे उडाला. सगळ्यांना हायसं वाटलं. बेबी जाऊबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "तृप्त गेलं गो भावजी. काय इच्छा बाकी नाय ठेवली."

मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मला रडू फुटलं. मला शिसारी आली होती.

मी घरून ठरवून निघाले होते. कावळा अडून बसणार. मग तुमचे भाऊ म्हणणार, गच्चीवरची खोली पुरी करतो, तरी तो येणार नाही. कोणी म्हणेल, वहिनीला सांभाळतो, तरी नाही. सगळे थकले की मी मनातल्या मनात म्हणेन, पुस्तिकेतलं ते पान मी दुरुस्त करून घेते, आणि मग तो येईल. तुम्ही कशात अडकला आहात ते एकट्या मला कळेल असं मी धरून चालले होते. तुम्ही कशातच अडकला नव्हता. वडा घेऊन गेलात.

आज तुमच्या सेंटरचे मोहिते सुभेदार घरी येऊन गेले. त्यांना मी काय सांगितलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. तुमचीच वही आहे, मागची कोरी पानं. तुमच्या पानांवर पट्टीने आखलेले रकाने आहेत आणि माझी अक्षरं रेघ सोडून चालली आहेत. चालू देत. तुमच्यासमोर मी उभ्या जन्मात सलग दहा वाक्यं बोलले नसेन. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तेवढा एक फायदा झाला आहे.

नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागला आहे. टोपीतला फोटो, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली बारा जणांची तोंडं. बाराही जण हसताहेत, कारण निवडणूक जवळ आली आहे. शोकसभेत त्यातल्याच एकाने सांगितलं की उस्तादांनी सीमेवर शत्रूला पाणी पाजलं. तुमची सगळी नोकरी ट्रेनिंग सेंटरात गेली, जवानांना शिकवण्यात. तुम्ही असतात तर मला कोपराने ढोसून म्हणाला असतात, "मी पाजला तो फक्त चहा." मी खाली मान घालून बसले. बायकांनी माझ्या पाठीवर हात फिरवले. एकीच्या हाताला वड्याचं तेल होतं.

पण त्या लोकांची किळस वरवरची आहे. अंघोळ केली की जाते. तुमची येते ती तशी जात नाही.

तुमचं शेवटचं काम लोकांना सांगायला मला कधी जमलं नाही. कोणी विचारलं तर मी म्हणायचे, सेंटरात लिहितात. निवृत्तीनंतर सेंटरने तुम्हाला परत बोलावलं तेव्हा तुम्ही मला समजावून सांगितलं होतं. सैन्यात कोणाला काही शिकवायचं तर आधी त्याचं काम उलगडून बघायचं. लांगरी, म्हणजे लष्करातला आचारी, दिवसभरात काय काय करतो त्याची यादी करायची. मग यादीतल्या एकेका कामाच्या पायऱ्या करायच्या, आणि एकेका पायरीला तीन प्रश्न विचारायचे. हे किती वेळा करावं लागतं? किती अवघड आहे? चुकलं तर काय होईल? त्या उत्तरांवरून ठरवायचं की काय शिकवायचं, किती दिवस शिकवायचं आणि काय सोडून द्यायचं. मग त्याची पुस्तिका.

मला ते ऐकून हसू आलं होतं. "कामाच्या कवा पायऱ्या असतात का?" मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "असतात गो. तू त्यांच्यावरून पळत जातेस, म्हणून तुला दिसत नाय."

वर डोंगरात, बर्फातल्या चौक्यांवर, अजून रॉकेलचे पंपाचे स्टोव्ह लागतात, त्याची पुस्तिका तुमच्या वाट्याला आली. सेंटरच्या लंगरात सगळा गॅस. तिथल्या लांगऱ्यांपुढे वही घेऊन उभं राहिलं की ते छाती काढून काम करायला लागायचे. तुम्ही वैतागून घरी आलात आणि म्हणालात, "कोण बघतंय म्हटलं की माणूस काम करत नाय, काम दाखवतो." मग माळ्याकडे बघितलंत. तिथे माझा पितळी स्टोव्ह होता. तुम्ही नोकरीवर असताना मी बेलपाड्यात खाणावळ चालवली. तळोज्याला पाळीवर जाणारे, खारघरचे टॉवर बांधणारे, तीस-चाळीस माणसं दोन्ही वेळ जेवायची, आणि ते सगळं तसल्या तीन स्टोव्हांवर रांधलं होतं.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही.

तुम्ही सुट्टी टाकलीत. रोज सकाळी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलात, मांडीवर ही वही. मी काकडा पेटवला की तुम्ही विचारायचात, का? बर्नर तापल्याशिवाय पंप का नाही मारत? पिन कधी फिरवतेस, आवाज बदलला की रंग बदलला की? मी म्हणायचे, "मला काय म्हाईत." तुम्ही म्हणायचात, "तुझ्या हाताला म्हाईत हाय. परत कर." मी परत करायचे. एकदा तुम्ही माझ्याकडून स्टोव्ह सात वेळा पेटवून घेतलात आणि वरणाचं पाणी सात वेळा आटलं. बेबी जाऊबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "काय गो, तुझा उस्ताद बसून काय लिवतंय? तुझी पोथी?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हो. चौथी शिकलेल्या बाईला येतंय ते आमच्या साहेबांच्या पुस्तकात नाय. म्हणून लिवतोय."

मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले. माझे कान तापले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हाताकडे कोणी असं बघितलं नव्हतं. लोक ताटाकडे बघतात. तुम्ही हाताकडे बघितलंत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे खोटं नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे तेही खोटं नाही.

चालू स्टोव्हमधलं तेल संपलं की परत कसं भरायचं, हे तुम्ही एका दिवशी बघितलंत. मी चावी सैल केली, हवा फुस्स करून गेली, ज्योत विझली. मग मी उठून मोरीवर गेले, तांदूळ धुतले, परत आले, झाकण उघडलं, नरसाळं लावलं आणि तेल ओतलं. तुम्ही लिहिता लिहिता थांबलात.

"तांदूळ मधेच कशाला?"

"तेल घालायच्या आधी धुते मी."

"का?"

"आय सांगायची. तांदूळ धुवून ये नि मंग तेल घाल."

"पण का?"

आईने सांगितलं, मी केलं. तुम्ही हसलात, आणि खूप प्रेमाने हसलात, ते मला आठवतं. मग विचारलंत, "तेल भरताना कवा भाजलंय का तुला?" मी म्हटलं, "नाय. एकदा पण नाय." आणि ते मी मान ताठ करून सांगितलं. तुम्ही रकान्यात काहीतरी लिहिलंत.

पुस्तिका छापून आली तेव्हा तुम्ही ती शोकेसमध्ये, काचेच्या मोराच्या शेजारी उभी करून ठेवलीत. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायचे.

मग गेल्या वर्षी एका शनिवारी तुम्ही घाटावरच्या सेंटरातून घरी आलात आणि जेवताना सांगितलंत की एक लांगरी शिकताना भाजला. दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि हनुवटी. चालू स्टोव्ह विझवून त्याने लगेच झाकण उघडलं आणि तेल ओतलं. तापलेल्या बर्नरवर तेलाची वाफ गेली आणि भडका उडाला. तुम्ही भाताचा घास कालवत म्हणालात, "घाई केली त्यानं."

मी त्याचं नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाव कशाला हवं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी मोरीवर तांदूळ धूत होते. पहिलं पाणी ओतलं, दुसरं ओतलं, आणि माझे हात पातेल्यातच राहिले. आईने मला थांबायला सांगितलं होतं. नुसतं थांब म्हटलं तर पोर थांबत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिने तांदूळ हातात दिले. तेवढ्यात स्टोव्ह निवायचा. खाणावळीत दहा-बारा शेर तांदूळ असायचा. तो धुऊन येईपर्यंत बर्नर गार पडायचा.

मी ओल्या हातांनी तशीच बाहेर आले आणि शोकेसमधून पुस्तिका काढली. बोट ठेवून वाचली. चावी सैल करा. ज्योत विझल्याची खात्री करा. झाकण उघडा. नरसाळे लावून तेल भरा. घाई त्याने केलीच नव्हती. तुम्ही लिहिलंत तसंच त्याने केलं होतं. मग ही वही काढली. 'तांदूळ धुणे' असं तुम्ही लिहिलं होतं आणि त्यावर पट्टी धरून रेघ मारली होती. शेजारी लाल शाईत, 'वेगळे काम'. पुढे 'चुकल्यास परिणाम' या रकान्यात एकच शब्द: 'किरकोळ'. कारण मी म्हणाले होते, एकदा पण नाय. माझ्या ताठ मानेमुळे तो शब्द तिथे आला. माझी मलाही किळस आली, हे इथे लिहून ठेवते.

ती रेघ किती सरळ होती. हाताने मारलेली वाकडी रेघ असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

मी वही तुमच्यापुढे ठेवली. दुपारची वेळ होती. तुम्ही चष्मा लावलात. मी म्हटलं, "त्या तांदळात थांबणं होतं." फक्त एवढंच म्हटलं, आणि तुम्हाला लगेच कळलं. तुमच्यासारख्या माणसाला ते दोनदा सांगावं लागत नाही. तुमच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. मला तुमची दया आली. वाटलं, सोमवारी जातील, सांगतील, बोलणी खातील, पान बदलतील.

पुढच्या शनिवारी मी दारातच विचारलं, "सांगितलंत?"

"चौकशीत मत मागितलं होतं माझं. लिवून दिलं."

"काय दिलंत?"

तुम्ही बूट काढत होतात. नाडीची गाठ सुटत नव्हती. "पुस्तिकेत दोष नाय. पायऱ्या पूर्ण हायत."

तुम्ही समजावायला लागलात. एक पुस्तिका परत गेली की बाकीच्या सगळ्यांवर बोट ठेवतील. पुढच्या छपाईत गुपचूप ती ओळ घालू. कामं सांभाळून करावी लागतात. मी म्हटलं, "आणि तो?" तुम्ही म्हणालात, "हात बरे होतायत त्याचे. त्याच्या नोकरीच्या कागदावर एक ओळ आली, सूचना पाळल्या नाहीत म्हणून. त्यानं काय कोण मरत नाय."

त्या दिवशी मला तुमच्या तोंडाकडे बघवेना. तुमच्या सदऱ्याला सेंटरच्या साबणाचा वास यायचा, तो मला आवडायचा. त्या दिवसानंतर तो सदरा धुताना मी नाकाने श्वास घेत नव्हते. ज्या माणसाने तीन आठवडे प्रत्येक गोष्टीला 'का' विचारलं, तो स्वतःच्या सहीपाशी आला आणि त्याला एकदाही 'का' विचारावंसं वाटलं नाही. मी तुमचं ताट वेळेवर वाढलं, बनियन धुतले, गोळ्या दिल्या. फक्त तुमच्या 'का'ला उत्तर देणं सोडलं. ते तुमच्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही.

मी तुम्हाला आणखी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला आले तेव्हा तुम्ही वही भिंतीवर फेकलीत आणि ओरडलात, "चौथी पास बाई मला काम शिकवणार?" चौथी शब्द दोन्ही वेळा तुमच्याच तोंडून आला होता. संध्याकाळी तुम्ही पनवेलच्या मासळी बाजारात जाऊन निवट्या घेऊन आलात. मला आवडतात म्हणून. स्वतः मोरीवर बसून साफ केल्यात, राखेने चोळून, सहा पाण्यांनी. ती तुमची माफी होती हे मला समजलं. मी कालवण केलं आणि पोटभर खाल्लं. आता आठवलं की तोंडाला तीच चव येते आणि उलटीसारखं होतं. मी निवट्या खायला नको होत्या. मी ताट सरकवून म्हणायला हवं होतं की माफी मला नको, त्याला द्या. दोन महिन्यांत तुम्ही गेलात. छपाई व्हायची होती.

तर आज मोहिते सुभेदार आले. पुस्तिका परत छापायची आहे, असं ओसरीवर बसून म्हणाले. पहिल्या पानावर तुमचा फोटो घालणार आहेत, खाली 'यांच्या स्मृतीस'. त्यासाठी एक चांगला फोटो हवा आणि तुमच्या वह्या हव्यात. मी दाराच्या आत उभी होते, नेहमीसारखी. बेबी जाऊबाईंनी चहा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ गो, नशीब काढलंस. भावजी पुस्तकात जाणार." त्यांनी तुमचा फोटो हारासकट खिळ्यावरून काढून सुभेदारांच्या पुढ्यात ठेवला.

मला कळत होतं की आता बोललं तर हा फोटो पुस्तकात जाणार नाही. नाक्यावर ज्यांना तुम्ही शूर वाटलात त्यांच्या कानावर हे कधी ना कधी जाईल. आणि नाही बोललं तर तेच पान परत छापून निघेल, वर तुम्ही, आत त्याच चार ओळी. बोलणं मला येत नाही. येतं ते एकच. मी जाऊबाईंना म्हटलं, "माळ्यावरचा स्टोव्ह काढा."

"आता? पाहुणे आल्यावर?"

"काढा."

सुभेदार भले माणूस आहेत. मी स्वयंपाकघरातून "भावजी, इकडे या. वही घेऊन," म्हटलं तर आले, तुमच्याच पाटावर बसले. मी डब्यातलं उरलेलं रॉकेल घातलं, काकडा लावला, पंप मारला. स्टोव्ह लागला. भुर्र आवाज घरभर झाला. थोडा वेळ जळू दिला, मग म्हटलं, "आता तेल संपलं असं धरा. लिहा." चावी सैल केली. ज्योत गेली. ते लिहीत होते. मी तांदळाचा डबा उघडला आणि सवयीने माप भरलं. एकटीचं.

"वहिनी, तांदूळ कशाला?" त्यांनीही तेच विचारलं.

"बघा नुसतं."

मूठभर तांदूळ. दोन पाण्यांत धुऊन झाले. मी स्टोव्हपाशी येऊन बसले आणि माझा ओला हात, पालथा, आपोआप टाकीला लागला. मग तसाच बर्नरच्या वर गेला. हे मी करते हे मलाच माहीत नव्हतं. तुम्ही तीन आठवडे समोर बसला होतात, तुम्हालाही दिसलं नाही. खाणावळीत तो हात लागायचा तेव्हा सगळं गार झालेलं असायचं, म्हणून तो लागला न लागला सारखंच. आज हाताला गरम लागलं. एकटीच्या तांदळात स्टोव्ह निवत नाही.

मी हात मागे घेतला. सुभेदार पेन धरून बसले होते.

"आता काय, वहिनी?"

"आता थांबायचं."

"किती मिनिटं लिहू?"

"मिनिटं नको. गार लागेपर्यंत लिहा. टाकीला हात लावून, बर्नरवर हात धरून."

आम्ही थांबलो. नळ ठिबकत होता. जाऊबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सुभेदार स्टोव्हकडे बघत होते, मग हळूहळू त्यांनी पुस्तिकेतली 'झाकण उघडा' ही ओळ आठवली असावी, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ही वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. रेघ. लाल शाई. किरकोळ. त्यांनी दोनदा वाचलं.

"उस्तादजींच्या लक्षात आलं नसेल," ते म्हणाले. ते तुम्हाला वाट काढून देत होते. त्या वाटेने मला सहज जाता आलं असतं.

"त्यांना ठाऊक होतं," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं. सही करायच्या आधी."

एवढं मी बोलले. तुमचा फोटो ओसरीवर होता, तिथवर ऐकू गेलं असेल. जाऊबाई म्हणाल्या, "गो बाय, मेलेल्या माणसाला असं बोलतात का?" मी टाकीकडे वळले. परत हात लावला. गार होतं. झाकण उघडलं, नरसाळं लावलं, तेल भरलं. काही झालं नाही. ते असंच असतं, नीट केलं की काही होत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की यात कसला धोका.

मग सुभेदारांनी तुमचे तीन प्रश्न विचारले.

"किती वेळा करावं लागतं?"

"रोज. दोनदा."

"अवघड?"

"नाय."

"चुकलं तर?"

"हात जातील."

त्यांनी त्यांच्या वहीत 'किरकोळ'च्या जागी काय लिहिलं ते मी वाकून बघितलं. मी म्हटलं तेच लिहिलं होतं. वर एक रकाना होता, 'कोणाचे काम पाहून लिहिले'. तुमच्या वहीत तिथे 'अनुभवी लांगरी' आहे. सुभेदारांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी माहेरचंही सांगितलं, कारण तांदूळ माझ्या आईचे होते.

जाताना मी त्यांना विचारलं, त्या लांगऱ्याचं नाव काय. यशवंत. आता स्वयंपाकाला लावत नाहीत त्याला, स्टोअरमध्ये बसवला आहे. बोटं पुरती मिटत नाहीत. त्याच्या कागदावरची ओळ काढायची तर चौकशी परत उघडावी लागेल, सुभेदार म्हणाले, आणि तुमचं नाव त्यात येईल. मी म्हटलं, येऊ दे. वहीतलं ते पान मी फाडून त्यांना दिलं. फोटो त्यांनी उचलला नाही, मागितलाही नाही. म्हणाले, "बघतो वहिनी, वर बोलतो." वर म्हणजे किती वर, आणि बोलणार म्हणजे कधी, हे मला माहीत नाही.

तुमचा फोटो मी परत खिळ्याला अडकवला आहे. हार काढून टाकला. फुलं कुजून वास यायला लागली होती. काचेवर तुमचे ओठ आहेत त्या जागी पाण्याचा डाग पडला होता, तो पदराने पुसला. पुसताना हात थांबला नाही. तुमची किळस आली म्हणून मी तुम्हाला कमी पुसलं असं झालं नाही.

आता तुम्ही तृप्त राहू नका, एवढंच सांगते. वर्षश्राद्धाला मी तळ्यावर पान ठेवीन. यशवंतच्या कागदावरची ती ओळ तोवर खोडली गेली असेल, तर या. नसेल तर लगेच झेप घालू नका. लांब फांदीवर बसा. भाऊ खोलीचं कबूल करतील, बेबी जाऊबाई आणखी काही करतील, तरी बसून राहा. सगळे थकले की मी पुढे येईन आणि तुमचं काय राहून गेलं आहे ते चारचौघांत सांगेन. मोठ्याने सांगेन.